‘आर्क’ म्हणजे काय? : एका छोट्या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि उपयोग



आज एक अगदी छोटा शब्द घेऊ या. स्पेलिंग तीन अक्षरांचं, ए-आर-सी. उच्चार ‘आर्क’. सेमी इंग्रजीच्या वर्गात हा शब्द गणिताच्या तासाला येतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याचं काम एका ओळीत उरकतं : आर्क म्हणजे कंस. मुलं वहीत लिहून घेतात, पाठ करतात आणि पुढे जातात. पण ज्या मुलाला ‘कंस’ म्हणजेच नेमकं काय हे माहीत नाही, त्याच्या हाती या ओळीतून काय लागलं? त्याच्या डोक्यातला कंस म्हणजे पदावली सोडवताना आधी सोडवायचा तो. नाहीतर मग कृष्णाचा मामा! एका न कळलेल्या शब्दाच्या जागी दुसरा न कळलेला शब्द बसला, एवढंच झालं. घरी अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांची तर आणखी पंचाईत. त्यांनी स्वतः मराठी माध्यमातून ‘कंस’ शिकलेला असतो आणि मुलाच्या पुस्तकात ‘आर्क’ असतो. दोन्ही एकच आहेत हे सांगायला कोणी नसतं.

(तसं पाहिलं तर गोल कंसाची ही दोन चिन्हं म्हणजे समोरासमोर उभे केलेले दोन छोटे आर्कच आहेत. फळ्यावर मोठे काढून दाखवा, मुलांना पटकन दिसतं.)

माझं म्हणणं एवढंच की या शब्दाच्या बाबतीत व्याख्येच्या आधी चित्र द्यावं. आणि ते चित्र बाहेरून आणायची गरज नाही, शब्दातच आहे. लॅटिन भाषेत ‘आर्कुस’ म्हणजे धनुष्य. तिथून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत ‘आर्क’ आला. चौदाव्या शतकात इंग्रजीत तो प्रथम वापरात आला तो भूमितीसाठी नव्हे, आकाशासाठी. सूर्य पूर्वेला उगवतो, चढत चढत वर येतो आणि पश्चिमेला उतरतो; त्याच्या या दिसणाऱ्या वाटेला आर्क म्हणत. मुलांना हाताने ती वाट हवेत काढायला सांगा. धनुष्याचा आकार आपोआप येतो.

आता फळ्यावर एक धनुष्य काढा. दोरी ओढलेली, बाण लावलेला. वर्तुळाच्या धड्यातले निम्मे शब्द इथेच आहेत. धनुष्याचं वाकलेलं लाकूड हा आर्क. त्याची दोन टोकं जोडणारी दोरी म्हणजे इंग्रजीत ‘कॉर्ड’ आणि आपल्या पुस्तकात जीवा. हा ‘कॉर्ड’ मूळ ग्रीक शब्दावरून आला आहे आणि त्याचा अर्थ आतड्याची तात. पूर्वी वाद्यांना आणि धनुष्यांना अशी तात लावत. आपला ‘जीवा’ हा शब्दही तोच अर्थ सांगतो. संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, प्रत्यंचा. म्हणजे ‘कॉर्ड’ म्हणा की ‘जीवा’ म्हणा, ग्रीसमधल्या आणि भारतातल्या माणसांना वर्तुळाच्या तुकड्यात धनुष्यच दिसलं. जीवेच्या मध्यापासून आर्कपर्यंतची जी उंची असते, तिला जुन्या संस्कृत गणितात ‘शर’ म्हणजे बाण म्हणत आणि लॅटिनमध्ये ‘सॅजिटा’, म्हणजे पुन्हा बाणच! भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त जीवा, शर आणि व्यास यांचं एकमेकांशी असलेलं नातं सांगणारा नियम आहे. त्या नियमाकडे पुढे येऊच.

संस्कृतात आर्कला ‘चाप’ म्हणतात, आणि हिंदी माध्यमाच्या गणिताच्या पुस्तकांत आजही चापच आहे. आपल्याकडे मराठीत मुलाला ‘चाप’ म्हटलं की केसांचा चाप आठवणार किंवा बंदुकीचा, म्हणून ‘कंस’ हा शब्द ठेवला हे बरंच झालं असं म्हणता येईल. पण त्यामुळे धनुष्य मात्र हातातून निसटलं. लाकडाचं नाव गेलं आणि दोरीचं नाव तेवढं उरलं. ‘जीवा’ हा शब्द पाठ करणाऱ्या मुलाला ती कशाची दोरी हे कळायला काही मार्गच राहिला नाही. चाप आणि शर परीक्षेत विचारावेत असं मी म्हणत नाही. मुलांच्या डोक्यावर शब्दांचं ओझं आधीच पुष्कळ आहे. पण दोन मिनिटं काढून सांगायला काय हरकत आहे?

मराठी मुलाकडे हे चित्र दुसऱ्या वाटेनेही आलेलं आहे, हे आपण विसरतो. ‘कमान’ हा शब्द घ्या. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. तीरकमान या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीत मात्र कमान म्हटलं की वेशीची, देवळाची, पुलाची कमान डोळ्यांसमोर येते. ट्रकच्या चाकांवर वाकवलेल्या पट्ट्यांची कमान असते, भुवयांचीही असते. लॅटिनमधल्या ‘आर्कुस’चं नेमकं हेच झालं. त्यातून एकीकडे ‘आर्क’ झाला आणि दुसरीकडे ‘आर्च’, म्हणजे बांधकामातली कमान. इंद्रधनुष्याचंही बघा : मराठीत इंद्राचं धनुष्य, इंग्रजीत ‘रेनबो’ म्हणजे पावसाचं धनुष्य, आणि फ्रेंचमध्ये तर ‘आकाशातला आर्क’ असंच नाव आहे.

अकरावी-बारावीला शिकवणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा आपल्या ज्यापासूनच निघाला. आर्यभटांच्या 499 सालच्या ग्रंथात अर्ध्या जीवांच्या किमती दिलेल्या आहेत. अर्धी जीवा म्हणजेच आजचा साइन, फक्त त्रिज्येने गुणलेला. ‘जीवा’ अरबीत गेला आणि ‘जिबा’ झाला. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा गाळले जातात, त्यामुळे पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याची घडी, खोळ. हिंदीतला खिशासाठीचा ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करताना त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द घेतला गेला, आणि झाला साइन. ‘त्रिज्या’ या शब्दातली ज्याही हीच आहे. तीन राशी म्हणजे 90 अंश. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. साइन 90 ची किंमत 1 का, याचं उत्तर मराठी शब्दातच बसलेलं आहे. आणि संगणकावर किंवा काही कॅल्क्युलेटरवर मुलांना ‘आर्कसाइन’ दिसतो तेव्हा त्याचा अर्थ असा : ज्याचा साइन इतका आहे, तो आर्क.

आता बांगडी. फुटलेल्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा घ्या, कडा जरा घासून बोथट करा. कागदावर ठेवून त्याच्या बाहेरच्या कडेने पेन्सिल फिरवा. हा झाला आर्क. दोन्ही टोकं पट्टीने जोडा, ही जीवा. समजा ती 4 सेंमी भरली. जीवेच्या मध्यावर गुण्याने लंब काढा आणि आर्कपर्यंतची उंची मोजा. समजा 1 सेंमी आली. आता मुलांना विचारा, अख्खी बांगडी केवढी होती? तुकडा हातात आहे, बांगडी कुठेच नाही. दहावीला ‘जीवांच्या आंतरछेदनाचे प्रमेय’ आहे तेच इथे लावायचं. जीवेचे दोन भाग 2 आणि 2, त्यांचा गुणाकार 4. त्या लंबाचे दोन भाग 1 आणि उरलेला व्यास, त्यांचाही गुणाकार 4 यायला हवा. म्हणजे उरलेला व्यास 4 सेंमी आणि पूर्ण व्यास 5 सेंमी. बांगडी लहान मुलीची होती! भास्कराचार्यांचा जीवा-शर-व्यासाचा नियम म्हणतात तो हाच.

हा उपक्रम नववी-दहावीला जरूर करून बघा. खोदकामात सापडलेल्या मडक्याच्या काठाचा तुकडा पाहून मडक्याचं तोंड केवढं होतं हे ठरवतात ते याच तत्त्वावर. आर्क हा शब्द नुसता आकाराचं नाव नाही. तुकड्यात पूर्ण वर्तुळाची माहिती असते, हे त्यातलं मर्म मुलांच्या हाताला लागायला हवं. लहान वर्गात प्रमेय नको. तीन बिंदू घ्या, दोन जीवांचे लंबदुभाजक काढा, ते जिथे भेटतील तिथे कर्कटकाचं टोक ठेवा आणि वर्तुळ पुरं करा. तेवढ्यानेही मुलं हरखतात.

मुलं हमखास अडखळतात ती जागा म्हणजे आर्कचं माप आणि आर्कची लांबी. माप अंशांत असतं, लांबी सेंटिमीटरमध्ये. पुस्तकात दोन्हींच्या व्याख्या आहेत, पण नुसत्या वाचून फरक पोचत नाही. इथे मैदानावर जा. क्रीडा महोत्सवासाठी ट्रॅक आखताना एक पूर्ण फेरी असलेल्या शर्यतीत बाहेरच्या लेनमधल्या मुलांना पुढे उभं करतो ना? का? वळणाचा आर्क सगळ्या लेनमध्ये 180 अंशांचाच आहे. माप सारखं. पण बाहेरच्या लेनची त्रिज्या मोठी, म्हणून लांबी जास्त. लेन 1 मीटर रुंद असेल तर पूर्ण फेरीत दोन वळणं मिळून प्रत्येक बाहेरच्या लेनला दोन पाय गुणिले 1, म्हणजे साधारण 6.28 मीटर जास्त पळावं लागतं. तेवढंच अंतर पुढे. आणि बरं का, मैदान लहान असो की मोठं, हा फरक बदलत नाही. तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो. यावर मुलं विश्वासच ठेवत नाहीत, मग दोरीने मोजायला लावा.

लघुकंस आणि विशालकंस यांचं फार काही नाही. दोन बिंदूंनी वर्तुळाचे दोन तुकडे होतात, म्हणून नुसतं ‘आर्क ए-बी’ म्हटलं की कोणता हे कळत नाही. यासाठी मध्ये तिसरं अक्षर घालायचं. इंग्रजीत ‘मायनर’ आणि ‘मेजर’. लघुकंसाचं माप केंद्रीय कोनाएवढं, आणि विशालकंसाचं 360 मधून ते वजा करून. पेपरात एवढं पुरतं.

अंशाचेही तुकडे असतात, हे मात्र आपण सांगायचं राहून जातं. एका अंशाचे 60 भाग केले की एक ‘मिनिट’, त्याचेही 60 केले की एक ‘सेकंद’. घड्याळाशी गोंधळ नको म्हणून इंग्रजीत ‘मिनिट ऑफ आर्क’ म्हणतात. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली तर तिच्या रुंदीने आकाशाचा साधारण एक अंश झाकला जातो. पौर्णिमेचा चंद्र त्याच्याही निम्मा, सुमारे 30 मिनिटांचा. क्षितिजावर तो केवढा मोठा वाटतो! पालकांनी गच्चीवर मुलांबरोबर करून बघण्यासारखं आहे. समुद्रावर हेच मिनिट अंतर मोजायला वापरतात. पृथ्वीच्या घेरावर एक मिनिटाचा आर्क म्हणजे साधारण एक सागरी मैल, 1852 मीटर. 360 ला 60 ने गुणा, मग 1.852 ने गुणा. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर येतो.

आणि आता बांगडीच्या तुकड्याचा एक प्रचंड मोठा भाऊ. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 मध्ये मद्रासजवळ एक सरळ रेषा अत्यंत काटेकोरपणे साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारत मोजायला सुरुवात केली. या कामाचा कणा म्हणजे कन्याकुमारीकडून उत्तरेला जाणारी एक लांबलचक रेषा. ती रेखावृत्तालगत जाते, आणि पृथ्वी गोल असल्याने ती सरळ नाही, वाकलेली आहे. म्हणून तिचं नाव ‘ग्रेट आर्क’. पृथ्वीच्या रेखावृत्ताचा तो एक तुकडा. तो इतक्या काळजीने मोजायचा कशासाठी? तुकड्यावरून पूर्ण आकार काढण्यासाठी. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे एका अक्षांशाची लांबी विषुववृत्ताजवळ जरा कमी आणि उत्तरेकडे जरा जास्त भरते. ती किती, हे मोजूनच कळणार होतं. लॅम्ब्टन यांना हे काम पुरं झालेलं बघायला मिळालं नाही. 1823 मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तो आर्क हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला; 1841 मध्ये तो पुरा झाला तेव्हा त्याची लांबी सुमारे 2,400 किलोमीटर होती. ज्यांच्या नावाने ते शिखर ओळखलं जातं, तेच हे एव्हरेस्ट. विदर्भातल्या शाळांनी तरी वर्तुळाचा धडा हिंगणघाटचं नाव घेतल्याशिवाय संपवू नये, असं मला मनापासून वाटतं.

भूमितीच्या बाहेर आर्क सर्वांत जास्त ऐकू येतो तो वेल्डिंगच्या दुकानात. ‘आर्क वेल्डिंग’ची पाटी गावोगावी दिसते. इथे वर्तुळ कुठून आलं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने दोन कार्बनच्या कांड्या आडव्या धरून त्यांमधून मोठा विद्युतप्रवाह सोडला. टोकं जराशी लांब केली तरी वीज मधल्या हवेतून वाहत राहिली आणि डोळे दिपवणारा प्रकाश पडला. तापलेली हवा वर चढते, तिच्याबरोबर तो प्रकाशाचा पट्टाही वर वाकला, थेट धनुष्यासारखा. म्हणून आर्क. जुन्या चित्रपटगृहांत पडद्यावर प्रकाश टाकायला कार्बनचे असेच दिवे असत. वेल्डिंग करणारा माणूस तोंडासमोर काळी काच धरतो, कारण या आर्कमधून निघणारे अतिनील किरण डोळ्यांना इजा करतात. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. शाळेच्या वाटेवर असं दुकान असेल तर मुलांना हे सांगाच. शब्दापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

हल्ली मोठी मुलं वेबसिरीजबद्दल बोलताना ‘कॅरेक्टर आर्क’ म्हणतात, ‘स्टोरी आर्क’ म्हणतात. गोष्ट खालून सुरू होते, ताण वाढत वर जाते आणि शेवटाकडे उतरते. किंवा एखादं पात्र सुरुवातीला जसं असतं तसं शेवटी राहत नाही. हा त्याचा आर्क. मराठीत याला ‘पात्राचा प्रवास’ म्हणतात आणि ते मला जास्त आवडतं, पण आर्कमध्ये चढ आणि उतार एकाच शब्दात येतात हेही खरं. क्रिकेटच्या समालोचनात चेंडू फलंदाजाच्या ‘आर्कमध्ये पडला’ असं ऐकू येतं. बॅट फिरते तेव्हा तिचं टोक जो आर्क काढतं, त्याच्या बरोबर आवाक्यात चेंडू आला असा त्याचा अर्थ. पुढे काय होतं ते सांगायला नको. बास्केटबॉलमध्ये तीन गुणांच्या रेषेलाही आर्क म्हणतात.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी जुळ्या-सारख्या शब्दांकडे थोडं लक्ष द्यावं. ए-आर-के हाही ‘आर्क’च, उच्चारात काहीही फरक नाही, पण तो नोहाचं जहाज. तो पेटी या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दावरून आला. ए-आर-सी-एच म्हणजे आर्च, कमान. तळपायाच्या खोलगट भागालाही आर्च म्हणतात. धनुर्धारी तो ‘आर्चर’, आणि एकापुढे एक कमानींची रांग ते ‘आर्केड’. मुंबईच्या फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावरून इमारतींखालून चालताना आपण आर्केडमधूनच चालत असतो. ही सगळी धनुष्याचीच मंडळी. पण ‘आर्किटेक्ट’ इमारतींच्या कमानी काढत असला तरी तो या कुळातला नाही. त्यातला ‘आर्कि’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मुख्य, म्हणजे मुख्य बांधणारा. ‘आर्चबिशप’मधला आर्चही तोच, मुख्य बिशप. एकच स्पेलिंग, कुठे च आणि कुठे क. याला सरसकट नियम सांगायच्या फंदात पडू नका, शब्दागणिक उच्चार करून घ्या.

आर्क क्रियापद म्हणूनही येतो. चेंडू हवेतून कमानीसारखा गेला की ‘द बॉल आर्क्ड ओव्हर द वॉल’. भूतकाळी रूपात ए-आर-सी पुढे फक्त ई-डी लागतं, आणि इंग्रजीच्या नेहमीच्या सवयीने मुलं तिथे ‘आर्स्ड’ वाचतात, कारण सी पुढे ई आला की स म्हणायचं हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. आय-एन-जी लावल्यावरही तेच होतं. दोन्ही ठिकाणी उच्चार कचाच राहतो. मुलाने ‘आर्स्ड’ वाचलं तर चूक म्हणण्याआधी त्याने नियम बरोबर लावला हे त्याला सांगा, आणि मग हा शब्द त्या नियमाला जुमानत नाही हेही.